जे बासमती नाही ते

फोन आला तेव्हा पुष्पांजली कापगते गुडघाभर चिखलात होती. धानाची रोवणी ऐन भरात होती. बारा बाया एका ओळीत वाकून धानाच्या रोपांचे पऱ्हे लावत मागे मागे सरकत होत्या आणि तिचा मोबाईल धुऱ्यावर, जेवणाच्या डब्याशेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला होता. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ती हात न धुताच धुऱ्यावर चढली.

छोटेलाल बोलत होता. गोंदियाजवळच्या कुडव्याचा हा ट्रकवाला चार दिवसांपूर्वी तिचाच तांदूळ भरून नेपाळच्या सीमेकडे निघाला होता. बिहारच्या टोकाचा नाका गाठून तो आदल्या दुपारी रांगेत लागला होता.

"ताई, गाडी अटकली," तो म्हणाला. "काल सांजच्याले दिल्लीहून ऑर्डर आली. चावल बंद. आता एक दाना पार जात नाई म्हनतात."

कोणाचा चावल बंद, असं पुष्पांजलीनं विचारलं. सगळ्यांचाच, तो म्हणाला. बासमती सोडून सगळ्यांचा. ऑर्डर निघायच्या आत ज्यांचे कागद नोंदले गेले, त्या गाड्या जाणार होत्या. त्याच्या पुढची गाडी गेली होती. त्याचा नंबर यायच्या आत खिडकी बंद झाली.

तिनं त्याला जेवलास का विचारलं, ताडपत्री नीट बांधून ठेवायला सांगितलं आणि फोन पिशवीत ठेवला. ओळीतल्या बाया मान वर करून बघत होत्या. त्यातल्या आठजणींचा तांदूळ त्या ट्रकमध्ये होता. काय झालं ते तिनं तिथंच, धुऱ्यावरून, मोठ्यानं सांगितलं. मग ती पुन्हा चिखलाच्या बांधीत उतरली, कारण पऱ्हे उपटून आणलेले होते आणि ते वाट बघत नाहीत.

ही गोष्ट दोन हजार तेवीसच्या जुलैची.

माहुलटोला हे अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं गाव, प्रतापगडाच्या डोंगरापासून कोसभर अंतरावर. वस्ती बहुतेक कोहळी समाजाची. गावाच्या वरच्या अंगाला त्यांच्याच वाडवडिलांनी पाळ घालून बांधलेला तलाव आहे आणि त्याच्या पाण्यावर खालच्या तीन गावांचं धान पिकतं. या तलावाखालच्या काळ्या मातीत चिन्नोर फार चांगला होतो. बारीक दाण्याचा, शिजताना चार घरं पलीकडे वास जाईल असा. पण तो उंच वाढतो, वाऱ्यानं लोळतो आणि पोत्यांच्या हिशेबात संकरित धानाच्या निम्माही उतरत नाही. म्हणून लोकांनी हळूहळू तो सोडला. घरी पाहुण्यांपुरता एखादी बांधी लावायचे, तेवढाच.

पुष्पांजलीनं सोडला नाही. तिनं बायांचा गट केला, बासष्टजणींचा. सगळ्यांनी थोडा थोडा चिन्नोर लावायचा, शेणखतावर वाढवायचा, आणि गिरणीवाल्याकडे न देता स्वतः कांडायचा. बँकेच्या योजनेतून टिनाच्या शेडमध्ये छोटी राईस मिल आली. तिचा नवरा योगराज आधी नको नको म्हणत होता, पण मशीनचा पट्टा तुटला की शेवटी तोच बसवायचा.

नेपाळचं नाव निघालं ते यांगचेनमावशीमुळे. गोठणगावाजवळ तिबेटी लोकांचा कॅम्प आहे. तिथले लोक पावसाळ्यात धान करतात आणि हिवाळ्यात शहराशहरांतून स्वेटर विकतात. यांगचेनमावशी त्यातलीच. वय त्र्याहत्तर, आणि बोली अशी की डोळे मिटून ऐकलं तर कोणी तिला कापगत्यांच्याच घरची म्हणेल. पुष्पांजलीच्या सासूची ती मैत्रीण होती. सासू गेल्यावर ती मैत्री तशीच सुनेकडे आली. दोन वर्षांपूर्वी कॅम्पात एक लग्न होतं, त्याला मावशीची भाची काठमांडूहून आली होती. तिचं तिथं धान्याचं दुकान आहे. लग्नात तिनं चिन्नोर खाल्ला, जाताना सामानात दहा किलो नेला, आणि महिन्याभरानं फोन केला की असा तांदूळ मला गाडीनं लागेल.

गाडीनं पाठवणं म्हणजे काय असतं हे पुष्पांजलीला तेव्हा माहीत नव्हतं. निर्यातीचा कोड काढायला, खाद्य परवान्याला, तांदळाच्या तपासणीला, सीमेवरचा एजंट शोधायला मिळून एक वर्ष गेलं. गोंदियाच्या बाजारातले तांदळाचे दलाल चुन्नीलालशेठ तेव्हा सगळ्यांदेखत हसले होते. नेपाळ म्हणजे काय जवळच्या वडशाचा बाजार आहे का, बाई, असं म्हणाले होते. तिनं थैले छापून घेतले. पंचवीस किलोचे चारशे थैले. त्यावर मोठ्या अक्षरात 'चिन्नोर', खाली 'माहुलटोला, जिल्हा गोंदिया, भारत', आणि त्याच्याखाली नेपाळच्या दुकानाचं नाव-गाव. अक्षरं दोन्हीकडे एकच चालतात, त्यामुळे छापखान्याचं काम सोपं झालं.

तेच चारशे थैले आता हजार-बाराशे किलोमीटरवर ताडपत्रीखाली उभे होते.

पहिले तीन दिवस सगळ्यांना वाटलं की काहीतरी मार्ग निघेल. पुष्पांजलीनं नागपूरच्या कार्यालयात फोन लावले, तालुक्याच्या साहेबांना भेटली, एका ओळखीच्या मास्तरांकडून इंग्रजीत अर्ज लिहून घेतला. सगळे सांगायचे, ऑर्डर देशाची आहे, आमच्या हातात नाही. पाचव्या दिवशी सीमेवरच्या एजंटाचा फोन आला. तो फार गोड बोलला. म्हणाला, घाबरू नका, इथं सगळं निघतं. थैले फोडायचे, साध्या पोत्यात तांदूळ भरायचा आणि इथल्याच एका व्यापाऱ्याला द्यायचा. भाव निम्मा मिळेल, पण माल मोकळा होईल. पुढचं तो व्यापारी बघेल.

पुढचं म्हणजे काय, ते छोटेलालनं रात्री फोनवर सांगितलं. तो पाच दिवस तिथं बसून बघत होता.

"माणसाले येयाजायाची काई रोक नाई, ताई. सायकलीले तीन-तीन पोते बांधतात अन् पलीकडं जातात. बाया डोक्यावर घेऊन जाऊन राहिल्या. पोट्टे दिवसातून सात-आठ खेपा मारून राहिले. चावल तं जाऊनच राहिला. ट्रक तेवढा जात नाई."

पुष्पांजलीनं हे योगराजला सांगितलं. त्याला ते पटण्यासारखं वाटलं. सगळेच नेतात तर आपण कशाला अडून बसायचं? ट्रकचं भाडं रोज चढत होतं, वर पावसाळा होता, आणि तांदूळ भिजला की त्याला कोंबडीही तोंड लावत नाही. तो चिडून बोलत नव्हता. बिचारा रात्र रात्र जागत होता.

दुसऱ्या दिवशी रोवणी आटोपल्यावर बाया मिलच्या शेडमध्ये जमल्या. पायाचा चिखल वाळलेला, कमरा दुखून आलेल्या. गटात सगळ्यांत मोठ्या कुंदाबाई डोंगरवार. त्यांनी सरळ विचारलं की तांदूळ सडला तर खायचं काय, इज्जत? निम्मा तर निम्मा, हातात येऊ दे. पुष्कळजणींनी माना हलवल्या. पुष्पांजलीलाही एका मनानं तेच वाटत होतं. बासष्ट घरांचं वर्षाचं राखलेलं धान तिच्या शब्दावर गाडीत चढलं होतं.

यांगचेनमावशी गटात नव्हती, पण ती आली होती आणि कोपऱ्यात उलट्या टोपल्यावर बसली होती. तिनं बोलू का म्हणून विचारलं.

"माझा बाप मीठ नेत होता," ती म्हणाली. "याकवर लादून. वरून मीठ अन् लोकर खाली नेपाळात न्यायची, तिथून धान्य घेऊन वर यायचं. त्याच्या बापानंही तेच केलं. मंग आमच्या मुलुखात शिपाई आले अन् खिंड बंद झाली. आमी तं पळून आलो. मी नऊ-दहा सालची होतो. काका मांग राहिला. तो चोरून मीठ नेत राहिला, रातीच्या वाटेनं. पैसा भेटला त्याले. पन बापाले पलीकडच्या गावात लोक नावानं बोलवत होते, घरात बसवत होते. काकाले कोनी ओळख दाखवली नाई. माल घ्यायचे अन् दार लावून घ्यायचे."

मावशी टोपल्यावरून उठत म्हणाली, "पुढं कधी वाट उघडली असती, तरी त्याले कोनी समोरून येऊ दिलं नसतं. एवढंच सांगायचं होतं. तुमचा तांदूर आहे, तुमी ठरवा."

मग पुष्पांजली उभी राहिली. तिला भाषण येत नव्हतं. तिनं एवढंच विचारलं की त्या थैल्यावर आपलं गाव लिहिलं आहे, ते फोडून साध्या पोत्यात कशासाठी भरायचं? आपण चोरी केली आहे का? धान आपलं, मेहनत आपली, परवाना आपल्या नावाचा. सरकारनं दार लावलं तर लावलं, ते सरकारशी भांडून उघडून घेऊ. पण आपल्या तांदळानं सायकलीवर लपत जावं, असं त्यानं काही केलेलं नाही. तांदूळ परत आणायचा. गोंदियात विकायचा, याच थैल्यात. नुकसान आलं तर आधी माझ्या वाट्याला येईल, मग तुमच्या.

"इकशील का पन?" कुंदाबाईंनी विचारलं.

"इकीन."

"नाई इकला तं तुले सोडनार नाई मी," कुंदाबाई म्हणाल्या आणि हात वर केला. त्यांचा हात वर गेल्यावर बाकीचे गेले. सातजणींनी शेवटपर्यंत केला नाही.

रात्री तिनं छोटेलालला फोन केला आणि गाडी वळवायला सांगितली. त्यानं दोनदा विचारलं, पक्कं का ताई. मग म्हणाला, बरं झालं, इथं बसून बसून मीच चोर वाटून राहिलो होतो.

ट्रक आला तेव्हा ऑगस्ट लागला होता. चारशेतले अकरा थैले भिजले होते. ते गुरांच्या खाद्यासाठी बाजूला काढले. बाकीचे कुठं ठेवायचे हा प्रश्न होता, कारण शेडमध्ये ओल होती. कॅम्पातली स्वेटर ठेवायची खोली कोरडी होती. मावशीनं कॅम्पच्या लोकांशी बोलून ती अर्धी मोकळी करून घेतली आणि थैले लोकरीच्या गाठोड्यांना टेकून उभे राहिले.

दोन दिवसांनी चुन्नीलालशेठ स्वतः गाडी घेऊन माहुलटोल्याला आले. पाणी प्यायले, रोवणीची चौकशी केली. माणूस वाईट नव्हता. तीस वर्षं या भागातला तांदूळ त्यानं उचलला होता आणि अडीअडचणीत लोकांना मदतही केली होती. पण भाव तो ठरवायचा आणि तांदळाचं नावही तोच ठरवायचा. हे इतकी वर्षं असंच चाललेलं असल्यामुळे कोणाला त्यात काही वाटत नव्हतं.

"देखो बाई, वो सरहद है," ते म्हणाले. "बड़े-बड़े अटक गए. सारा माल मुझे दे दो, मैं कल गाड़ी भेजता हूँ. मेरे थैले में भर लूँगा. तुम्हारी झंझट खतम."

"तुमच्या थैल्यावर काय लिवलं रायते, शेठ?"

"गोंदिया चावल. और क्या."

"मंग चिन्नोर कुठं गेला?"

शेठ हसले. खिशातून फोन काढून त्यांनी दिल्लीची ऑर्डर तिच्यासमोर धरली. "सरकार के कागज में भी कहाँ है तुम्हारा चिन्नोर? पढ़ो. नॉन-बासमती लिखा है."

पुष्पांजलीनं फोन हातात घेऊन ते वाचलं. इंग्रजी तिला बेताचं येत होतं, पण तो शब्द कळत होता. जे बासमती नाही ते. तिचा चिन्नोर त्यात होता, सीमेपलीकडे अलीकडे पिकणारे शंभर जातींचे तांदूळ त्यात होते, रेशनचा जाडा तांदूळही त्यातच होता. कोणाचंच नाव नव्हतं. तिला एकदम राग आला, आणि गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदाच मोकळं वाटलं. तिनं फोन परत दिला. माल द्यायचा नाही असं सांगितलं. शेठ दारापर्यंत गेल्यावर चहा न घेता कसे चालले म्हणून त्यांना परत बसवलं, कारण पाहुणा पाहुणाच असतो.

गोंदियातल्या दुकानदारांनी थैले ठेवून घेतले नाहीत. एकानं सरळ सांगितलं की शेठची नाराजी परवडत नाही. तेव्हा छोटेलालची बायको शामकला मदतीला आली. कुडव्यात त्यांचं घर अगदी रस्त्याला लागून आहे, पुढे पडवी आहे. तिनं पडवीतून शिलाई मशीन आत नेलं आणि तिथं थैले रचू दिले. गोंदियाला कामावर जाणारे येणारे लोक त्याच रस्त्यानं दुचाकीवरून जातात.

योगराजचं म्हणणं होतं की थैल्यावरचं नेपाळच्या दुकानाचं नाव काळ्या रंगानं मिटवावं. लोकांना वाटेल, परत आलेला माल. पुष्पांजली म्हणाली, परत आलेलाच आहे, लपवायचं कशाला. तिनं एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून लावलं: नेपाळच्या दारातून परत आलेला चिन्नोर. काऊन आला ते विचारा.

लोक विचारायचे. ती सांगायची. दिवसाला वीसदा तीच हकीकत. कोणी हळहळायचं, कोणी सरकारची बाजू घेऊन भांडायचं की देशात महागाई आहे, तांदूळ बाहेर कशाला पाठवायचा? ती म्हणायची, महागाईचं खरं आहे, पण चिन्नोर रेशनमध्ये येते का जी? एक हसून थैला दुचाकीच्या टाकीवर ठेवून न्यायचा, दुसरा नुसताच ऐकून जायचा.

आठवडाभरानं बाजारात बोलवा उठली की नेपाळनं तपासणीत नापास केलेला तांदूळ कुडव्यात विकून राहिले. कोणी उठवली ते कळलं नाही. दोन दिवस एकही थैला गेला नाही. तिसऱ्या दिवशी पुष्पांजलीनं भात शिजवायचं मोठं गंज मागवलं. संध्याकाळी कामावरून लोक परतायच्या वेळी पडवीपुढे तीन दगडांवर भात चढवला. कुंदाबाई माहुलटोल्याहून खास आल्या होत्या, गंजावर नजर ठेवायला. भात रटरटू लागला तसा वास रस्त्याभर पसरला. लोक गाड्या थांबवून बघू लागले. कुंदाबाई पळसाच्या पानावर नुसता भात वाढायच्या, वर काही नाही, मीठसुद्धा नाही, आणि समोर उभ्या राहून खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या. "सांग, फेल आहे का?" असं दरडावून विचारायच्या. त्या संध्याकाळी एकतीस थैले गेले.

सप्टेंबरच्या शेवटी गोंदियात गिरणीवाल्यांची सभा भरली. वरून एक अधिकारी निर्यातबंदी समजावून सांगायला येणार होते. बोलावणं मोठ्या गिरण्यांना होतं. पुष्पांजलीच्या मिलला कोण बोलावणार? पण तिचा परवाना होता, म्हणून ती गेली. सोबत शामकला होती. दोघी शेवटच्या रांगेत बसल्या.

अधिकारी समंजस होते. त्यांनी आकडे दाखवले, पाऊस कमी झाला, भाव चढले, आधी आपल्या माणसांच्या ताटाचा विचार करावा लागतो, असं शांतपणे सांगितलं. गिरणीवाल्यांनी आपापल्या अडचणी मांडल्या. शेवटी कोणाला काही विचारायचं आहे का, असं माईकवरून विचारलं गेलं तेव्हा पुष्पांजली उठली. सभा सगळी हिंदीत चालली होती. तिनं आपल्या बोलीतच सुरुवात केली.

आधी तिनं आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, चारशे थैल्यांचं काय झालं ते थोडक्यात सांगितलं. मग म्हणाली, "साहेब, लोकायच्या ताटाचं तुमी म्हनता ते मले पटते. पन दोन गोष्टी विचारतो. आमच्या गावात तलाव आहे. खालच्या तीन गावाले त्याचं पानी जाते. माझे सासरे पानी वाटत होते. पानी कमी पडलं का पानी सोडायचं तुडूम बंद करा लागे, त्यायनंही केलं. पन बंद करायच्या आठ दिवस आधी खालच्या गावात जाऊन सांगून येत. ज्याच्या बांधीत पानी चढून राहिलं, त्याची बांधी भरू देत. मंगच तुडूम बंद. तुमी सांजच्याले ऑर्डर काढली अन् माझी गाडी दाराशी उभी होती."

सभागृहात कुजबुज झाली. अधिकाऱ्यांनी हातानं शांत राहायला सांगितलं आणि दुसरी गोष्ट कोणती, असं मराठीत विचारलं.

"तुमच्या ऑर्डरीत आमच्या तांदराचं नाव नाई. बासमती नाई तो सारा एक. बासमती वासाचा, म्हनून त्याले सूट. चिन्नोरचा वास काऊन धरत नाई सरकार? रेशनच्या तांदरात अन् त्याच्यात काई फरक नाई का? आमचा तांदूर थोडासा होते. तो पलीकडं गेला म्हनून इथं कोनाचं ताट रिकामं होत नाई. आमाले सूट नका देऊ, पन नावानं तं बोलवा. बंद करा तं चिन्नोर बंद केला असं लिवा. म्हनजे आमाले कोनाशी भांडायचं ते कळन."

पुढच्या रांगेत कोणीतरी टाळी वाजवली. चुन्नीलालशेठ तिसऱ्या रांगेत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं, हसले मात्र नाहीत. अधिकाऱ्यांनी वही उघडली, चिन्नोर कसं लिहायचं ते विचारून घेतलं आणि लिहिलं. मी वर कळवेन, पण काही कबूल करत नाही, असं ते म्हणाले. पुष्पांजली म्हणाली, कळवा, मीही कळवते.

त्या महिन्यापासून तिनं दर एक तारखेला दिल्लीला पत्र पाठवायला सुरुवात केली. मजकूर साधारण तोच. फक्त वर विषय लिहायची तिथं ती प्रत्येक वेळी 'चिन्नोर' एवढंच लिहायची. उत्तर एकदाच आलं, पत्र मिळालं असं. मधे नेपाळला थोडा तांदूळ द्यायचं ठरलं, पण तो एका मोठ्या संस्थेमार्फतच जाणार होता, त्यात माहुलटोल्याच्या एका गाडीला जागा नव्हती. तिनं त्याविरुद्धही पत्र लिहिलं. तेव्हा योगराज टपालाच्या रांगेत उभा राहिला होता. घरी येऊन पावती तिच्या हातात देताना म्हणाला, आता माझंही नाव लिहीत जा खाली.

थैले दिवाळीपर्यंत संपले. नफा झाला नाही, घरचंही गेलं नाही. पुढच्या हंगामात गटातल्या सातजणी परत संकरित धानाकडे वळल्या, आणि कुडव्यातला भात खाऊन गेलेल्या नऊ नव्या बाया दोन गावांतून आल्या.

दुसऱ्या वर्षी, सप्टेंबरच्या अखेरीला बंदी उठली. पुष्पांजलीला कोणी म्हणालं की तुझ्या पत्रांनी उठली. ती म्हणाली, कोठारं भरली म्हणून उठली, माझ्या पत्रावर कोणी चहाही ठेवला नसेल. पण तिनं काठमांडूला लगेच फोन लावला.

दोन हजार पंचवीसच्या जानेवारीत गाडी भरली. नवा चिन्नोर, पुन्हा चारशे थैले. निघायच्या आदल्या दिवशी यांगचेनमावशी कॅम्पातून आली, हातात एक लहान गाठोडं. मी जाऊन राहिली गाडीत, तिनं जाहीर केलं. छोटेलालनं समजावलं, पुष्पांजलीनं समजावलं की पंच्याहत्तराव्या वर्षी ट्रकच्या केबिनीत चार दिवस कसे निघतील. शिवाय पलीकडे जायला तिच्याजवळ कागद नव्हते. नेपाळी माणसाला आणि भारतीय माणसाला ते दार उघडं असतं. मावशी पन्नासहून जास्त वर्षं इथं राहूनही दोन्हींपैकी कोणीच नव्हती.

"मले पलीकडं जायचंच नाई," मावशी म्हणाली. "दारापावेतो जाईन. गाडी जाताना पाहीन."

छोटेलालनं क्लीनरच्या सीटवर गादी घातली आणि तिला घेऊन गेला.

नाक्यावर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. इकडचे कागद झाले होते, पण पलीकडच्या बाजूनं तांदळाच्या तपासणीचा दुसराच एक दाखला मागितला होता. आधीच्या दाखल्यावर त्यांना हवं असलेलं एक कलम नव्हतं. मागचा तोच गोड आवाजाचा एजंट पुन्हा सांगत होता की थैले फोडा, एका दिवसात मोकळे व्हाल. पुष्पांजली मिलमध्ये होती, मशीन चालू होतं. तिनं ते बंद करायला लावलं.

"त्याले म्हना, जाईन तं दारातूनच जाईन. अन् कागदाचं नाव काय, ते अक्षर अक्षर सांगा. लिवून घेतो."

नाव लिहून घेऊन ती त्याच दुपारी नागपूरला गेली. प्रयोगशाळेच्या बाकावर दुसरा अख्खा दिवस बसली, संध्याकाळी दाखला हातात घेतला आणि तिथूनच सीमेवर पाठवला. गाडी चौथ्या दिवशी सकाळी सुटली.

त्यानंतरचं तिला छोटेलालनं सांगितलं. भाची काठमांडूहून खाली आली होती आणि पलीकडच्या फाटकाशी उभी होती. अलीकडच्या फाटकाशी मावशी उभी होती, लोकरी शाल गुंडाळून. मधल्या पट्ट्यातून ट्रक हळूहळू गेला. भाचीनं हात हलवला, मावशीनं हलवला. मग भाची चालत इकडे आली, तिला कोणी अडवलं नाही. दोघी फाटकाजवळच्या टपरीवर चहा प्यायल्या आणि अर्धा तास बोलत बसल्या. ट्रक पलीकडच्या आवारात लावून परत आलेला छोटेलाल शेजारीच बसला होता, पण त्याला त्यांची भाषा कळली नाही.

संध्याकाळी मावशीनं त्याच्याच मोबाईलवरून पुष्पांजलीला फोन लावला. थकली होती, पण आवाज खणखणीत होता. प्रवास कसा झाला ते तिनं सांगितलं नाही. भाची पुढच्या खेपेला सहाशे थैले मागून राहिली, ती म्हणाली, आणि तेवढं धान गटाकडे उरलं आहे का, असं विचारलं. पुष्पांजलीनं उरलेलं धान किती ते आठवून बघितलं. उरलं नव्हतं. तरी तिनं हो सांगून टाकलं आणि फोन ठेवताच कुंदाबाईंच्या घराकडे निघाली, यंदा कोणाकोणाच्या बांधीत चिन्नोर लावता येईल ते बोलायला.